यूनिटच्या पीटीत फॅमिलीनेही उतरावं का? नाशिक-देवळालीतल्या फौजी घरांसाठी धागा

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकरोड, देवळाली, गांधीनगर, ओझर या पट्ट्यात राहणाऱ्या फौजी घरातल्या बायकांसाठी हा धागा काढतेय, पण बाहेरच्या स्टेशनवरच्यांनीही लिहा, मुद्दाम लिहा, कारण अनुभव तुमच्याकडेच जास्त असणार.

विषय असा. यूनिटची पीटी रोज सकाळी होते. ग्राउंड क्वार्टरच्या समोर, पीटी घेणारा उस्ताद पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमधून कोर्स करून आलेला, बीम आहे, रस्से आहेत, धावायला गाडीघोड्याची भीती नसलेला रस्ता आहे. आणि आपण फॅमिली लोक हे सगळं गॅलरीतून बघतो. २१ जूनला योग दिवसाला चटया घेऊन बोलावतात, रेजिंग डेला, म्हणजे यूनिटच्या वाढदिवसाला, लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची होते, वर्षभराचं तेवढंच. मला मनापासून वाटतं की यूनिटने फॅमिलीसाठी नियमित पीटी ठेवावी, आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी, उस्तादाच्या हाताखाली, शिकवून घेतलेली, फोटो काढण्यापुरती नाही.

का वाटतं ते सांगते. माझे मिस्टर फील्डला आहेत, मी मुलांना घेऊन सेपरेटेड फॅमिलीच्या क्वार्टरमध्ये राहते. आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्या अशाच. कोणी बिहारची, कोणी तामिळनाडूची, दोघी-तिघी गढवालच्या, मी कळवणची. मुलं शाळेत गेली की दार लावून फोन घेऊन बसायचं, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, रात्री नवऱ्याचा फोन लागला तर बोलायचं नाहीतर नेटवर्कची वाट बघायची. तिशी-पस्तिशीतल्या बायका आहोत आम्ही आणि गुडघे धरून जिना चढतो. एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, लाइनीत उभं राहिलं की ऐकू येतं कोणाला थायरॉइड, कोणाला शुगर सुरू झालीय, कोणाची कंबर गेलीय. नवरा तिकडे फौजेची फिटनेसची परीक्षा पास करतोय आणि घर एकटीने ओढणारी बाई दोन मजले चढून दमतेय, हे मला बरोबर वाटत नाही.

तर मला विचारायचंय, कोणाच्या यूनिटमध्ये असं झालंय का, मागणी कशी करायची, कोणाकडे, आणि अडचणी काय येतील? विरोधात मत असेल तर तेही लिहा, मला तेही ऐकायचंय.

सटाण्याची_वहिनी
ताई अगदी मनातलं लिहिलंत. मी पण देवळालीतच आहे. पण खरं सांगू का, पहिली अडचण वेळेची आहे. पीटी सकाळी लवकर असते आणि त्याच वेळेला माझ्याकडे दोन डबे, वेण्या, पाण्याच्या बाटल्या आणि शाळेची बस. बस चुकली की दिवस गेला. दुसरी अडचण कपड्यांची. माझ्या सासूबाई सहा महिने इकडे असतात, त्यांच्यासमोर ट्रॅकपँट घालून ग्राउंडवर पळायचं म्हणजे मला अजून धीर होत नाही. त्या वाईट नाहीत हो, पण त्यांनी आयुष्यात बाईला पळताना बघितलेलं नाही, शेतात बैल सुटला तेव्हा सोडून. तिसरं म्हणजे लहान मुलं. माझी धाकटी तीन वर्षांची आहे, तिला कुठे ठेवू?

तोफखाना_निवृत्त
मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालो, आता भगूरला घर आहे. पीटी घेतली पण आहे आणि घेतलेली सोसली पण आहे, म्हणून थोडं मोकळं बोलतो, लेकींनो राग मानू नका.

जवानांच्या पीटीत फॅमिलीने उभं राहणं, याला माझा विरोध आहे. पीटी ही परेड आहे. फॉल-इन होतं, हजेरी होते, कोण आजारी, कोण ड्यूटीवर, कोण रजेवर याचा हिशेब द्यावा लागतो. जवानाची तिथे परीक्षेची तयारी चाललेली असते. आमच्या वेळेला पीपीटी आणि बीपीईटी अशा दोन फिटनेसच्या परीक्षा असायच्या. पीपीटीला २.४ किलोमीटर दौड, चिन-अप, टो टच, सिट-अप, ५ मीटरची शटल, १०० मीटर स्प्रिंट. बीपीईटीला तर हत्यार आणि पूर्ण सामान अंगावर घेऊन ५ किलोमीटर, वर ६० मीटरची स्प्रिंट, उभा रस्सा, आडवा रस्सा आणि ९ फुटी खड्डा. त्यात नापास झाला तर त्याच्या प्रमोशनवर, कोर्सवर परिणाम होतो. अशा वेळेला उस्तादाचं लक्ष दोन ठिकाणी गेलं तर जवानाचं नुकसान आहे. शिवाय उस्तादाची ग्राउंडवरची भाषा आयाबहिणींसमोर बोलायची नसते, आणि तुम्ही समोर असाल तर तो तोंड आवरून पीटी घेईल, मग ती पीटी राहणार नाही. आणि कोणी पडलं, पाय मोडला, तर सीओ साहेबांना, म्हणजे यूनिटच्या कमांडिंग ऑफिसरना, उत्तर द्यावं लागेल की परेडवर सिव्हिलियन व्यक्ती कशी काय होती.

पण वेगळी वेळ, वेगळी तुकडी, तोच उस्ताद आणि तेच ग्राउंड, याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. सकाळची पीटी संपून जवान ब्रेकफास्टला गेले की गेम्स परेडपर्यंत, म्हणजे संध्याकाळच्या खेळांपर्यंत, ग्राउंड मोकळंच असतं. सटाण्याच्या वहिनींची बसची अडचण पण त्यात सुटते, मुलं शाळेत गेल्यावर या. मागणी अशी करा. "आम्हाला पीटीत घ्या" असं लिहू नका, "आम्हाला पीटीची वेळ द्या" असं लिहा. पहिल्या अर्जाला नाही म्हणावंच लागेल, दुसऱ्याला हो म्हणता येतं.

गिरणाकाठ
काका, हे फार उपयोगाचं सांगितलंत. माझ्या डोक्यात पण जवानांच्या लाइनीत उभं राहायचं नव्हतंच, पण हा फरक अर्जात नीट आला पाहिजे हे पटलं. परेडवर सिव्हिलियन हा मुद्दा मला माहीत नव्हता.

पहाटवारा
आमच्याकडे झालंय. नाशिकला नाही, आधीच्या स्टेशनला, उत्तरेत. आता मिस्टर नाशिकला पोस्टिंगवर आलेत. सविस्तर लिहिते कारण त्यात चांगलं पण झालं आणि बिनसलं पण.

सुरुवात यूनिटच्या बायकांच्या वेल्फेअर मीटमध्ये झाली, सीओ मॅडमना, म्हणजे सीओ साहेबांच्या पत्नींना, कल्पना आवडली आणि पुढच्याच आठवड्यात सुरू. पहिल्या दिवशी ग्राउंड भरलं. उस्ताद बिचारा चांगला होता पण त्याने आम्हाला तेच दिलं जे रिक्रूटला देतात, दौडके चल, दोन चक्कर, मग उठाबशा, मग फ्रंट रोल. दुसऱ्या दिवशी निम्म्या बायकांना पलंगावरून उतरता येईना. आणि तिसऱ्या वेळेला ज्या आल्या त्यांना वाटायला लागलं की आपण लाज काढायला आलोय, कारण बाजूने जाणारे जवान बघायचे. मग गळती लागली.

दुसरी गोष्ट बोलायला नाजूक आहे पण बोलायलाच हवी. पुढच्या लाइनीत ऑफिसर लेडीज, ट्रॅकसूट आणि चांगले बूट घालून. त्यांच्या मागे जेसीओंच्या, म्हणजे सुभेदार वगैरेंच्या, फॅमिली. सगळ्यात मागे जवानांच्या फॅमिली, सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली, पायात चप्पल किंवा मुलाचे कॅनव्हास. कोणी तसं सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. आणि मागे उभ्या असलेल्यांना उस्तादाचं बोलणं ऐकूच यायचं नाही, समोरच्या बघून काहीतरी करायच्या. नवऱ्याची रँक बायकोच्या गुडघ्याला कशाला चिकटवायची हो?

मग एका गढवालच्या वहिनींनी, लान्स नायकाची फॅमिली, त्यांनी सीओ मॅडमना सरळ सांगितलं की मॅडमजी हम गोल में खडे होंगे. एवढंच. गोल केल्यावर पुढे-मागे राहिलंच नाही. जागा बदलली, ऑफिसर्स मेसच्या मागचं छोटं मैदान घेतलं जिथून कोणाची जा-ये नव्हती. आणि उस्तादाने पद्धत बदलली. आधी चालणं, मग एक मिनिट हळू धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आलटून पालटून. मग पाच-सहा ठिकाणं लावली, एकीकडे खुर्चीवरून उठाबशा, एकीकडे पाण्याचे कॅन उचलणं, एकीकडे भिंतीला हात टेकून डिप्स. मीच आधी शंभर मीटर पळाले तरी छातीत धाप लागायची, पोस्टिंग निघेपर्यंत न थांबता अर्धा तास धावायला लागले होते. त्या गढवालच्या वहिनी तर पुढे उस्ताद रजेवर गेला की स्वतःच क्लास घ्यायच्या, सगळ्यांना त्यांचंच आवडायचं.

आणि एक गोष्ट जी आम्ही ठरवली नव्हती पण झाली. ज्यांचे मिस्टर फील्डला होते त्या बायका पहिल्यांदा एकमेकींना नावाने ओळखायला लागल्या. एक वहिनी सलग दोनदा आली नाही तर कोणीतरी दार वाजवायचंच. तिला डेंग्यू झालेला असा कळला, घरात एकटी, ताप १०३. आम्हीच तिला एमएचला नेलं.

सटाण्याची_वहिनी
पहाटवारा, वाचून डोळ्यात पाणी आलं. आणि मुलांचं काय करायचात?

पहाटवारा
ज्या त्या दिवशी करणार नाहीत, म्हणजे पाळी, तब्येत, उपास काहीही, त्या दोघी मुलं सांभाळायच्या. मैदानाच्या कडेला सतरंजी. गरोदर असलेल्या एक वहिनी तर रोज त्याच ड्यूटीला असायच्या हौसेने. चालायच्या आमच्याबरोबर आणि मग मुलांकडे बसायच्या.

ओझरकर
थोडं वेगळं मत मांडते. आम्ही एअर फोर्सवाले. मला वाटतं आपण सगळंच यूनिटवर किंवा स्टेशनवर टाकतो. क्वार्टर त्यांचं, कॅन्टीन त्यांची, शाळेची बस त्यांची, आता व्यायामही त्यांनीच करून घ्यायचा? दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग निघतं आणि नव्या ठिकाणी तसं काही नसेल तर सवय सुटते. बाईला स्वतःची सवय लागली पाहिजे. नाशिकमध्ये तर सोय आहे, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लबचं मैदान, सकाळी किती बायका असतात तिथे. पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत, त्याच्याइतका चांगला आणि फुकट व्यायाम नाही. आणि याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, डोंगरात अनवाणी पळणारी मुलगी, २०१० च्या कॉमनवेल्थला १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी एशियाडला सिल्व्हर घेऊन आली. तिला कुठलं यूनिट होतं?

दुसरी भीती मला जास्त आहे. फौजेत ऐच्छिक म्हणून सुरू झालेली गोष्ट सक्तीची व्हायला वेळ लागत नाही. आज "ज्यांना यायचंय त्यांनी या", उद्या "सर्व लेडीजनी यावे", परवा नवऱ्याला विचारणार की आपकी फॅमिली नहीं आयी. हे मी कार्यक्रमांच्या बाबतीत बघितलेलं आहे. कुठल्या स्टेशनला ते लिहीत नाही.

गिरणाकाठ
ओझरकर ताई, सक्तीचा मुद्दा एकदम मान्य. अर्जातच लिहायचं, येणं पूर्ण ऐच्छिक, हजेरी लिहिली जाणार नाही आणि नवऱ्याला त्याबद्दल विचारलं जाणार नाही. हे तिसरं वाक्य मी मुद्दाम घालणार.

पण स्वतःची सवय लावा हे म्हणणं मला अर्धंच पटतं. देवळालीहून कृषीनगरला पोचेपर्यंत माझी सकाळ संपते, गाडी नाही, आणि एकटी बाई लॅम रोडला अंधारात पळायला जाऊ शकते का हे तुम्हीच सांगा. कविता राऊतचं उदाहरण मला फार प्रिय आहे, पण तिलाही नाशिकला येऊन कोच मिळाला तेव्हा ती तिथवर गेली. अंगात पळणं होतंच, पण कोणीतरी उभं राहून पाऊल कसं टाकायचं, श्वास कुठे घ्यायचा हे शिकवलं. आम्हाला तेवढंच हवंय. ते शिकवणारा माणूस क्वार्टरच्या समोर उभा आहे आणि दुपारपर्यंत ग्राउंड रिकामं आहे. पोस्टिंग निघालं तरी शिकलेलं अंगात राहतं ना, ट्रंकेत भरावं लागत नाही.

फिजिओ_गंगापूररोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे, फौजी घरातली नाही, पण बरेच पेशंट देवळालीहून येतात म्हणून लिहिते. कल्पना उत्तम आहे, पण पहाटवारांनी पहिल्या आठवड्याचं जे वर्णन केलं ना, तसं करू नका.

पहिली गोष्ट हिमोग्लोबिन. एनएफएचएस-५ या सरकारी पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के ॲनिमिक निघाल्या, महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. अशी बाई धावायला लागली की धाप लागते, डोकं हलकं होतं, पाय दुखतात, आणि ती समजते की आपल्याला जमतच नाही. तिला आळस नसतो, रक्त कमी असतं. म्हणून सुरुवातीला एमएचमध्ये सगळ्यांची तपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन, बीपी, शुगर आणि जमलं तर थायरॉइड. गोळ्या सुरू झाल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह कमी शोषलं जातं, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

दुसरी गोष्ट बाळंतपण. नॉर्मल असो की सिझेरियन, सहा आठवड्यांची तपासणी झाल्याशिवाय व्यायाम वाढवायचा नाही आणि धावणं-उड्या साधारण तीन महिन्यांच्या आत नकोतच. चालणं आणि श्वासाचे, ओटीपोटाचे हलके व्यायाम त्याआधी चालतात, डॉक्टरांना विचारून.

तिसरी गोष्ट, जी बायका उस्तादाला कधीच सांगणार नाहीत. उडी मारली, शिंक आली, धावलं की लघवीचे थेंब जातात. बाळंतपणानंतर हे खूप जणींना होतं आणि त्या गपचूप व्यायाम सोडून देतात, कारण सांगतात गुडघ्याचं. हे औषधाविना बरं होऊ शकतं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, नीट शिकून दोन-तीन महिने चिकाटीने केले तर बहुतेकींना फरक पडतो. तोवर उड्यांऐवजी पाठीवर झोपून कंबर उचलणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, चढावर चालणं करा. क्लासमध्ये एक बाई अशी असावी जिच्या कानात हे सांगता येईल आणि ती उस्तादाला नुसतं म्हणेल, "इनको जंप नहीं."

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. तुमचे तीन दिवस तासभर, म्हणजे १८० मिनिटं, आणि त्यातच दोन दिवस वजन उचलणं बसवलं तर सगळं झालं की. ताकदीचा भाग गाळू नका. बायकांची हाडं पाळी गेल्यावर भराभर झिजतात, त्याची तयारी तिशी-चाळिशीतच करायची असते.

सटाण्याची_वहिनी
फिजिओताई, तिसरा मुद्दा तुम्ही लिहिलात म्हणून मी सांगते, मला धाकटीपासून तोच त्रास आहे आणि मी कोणालाच बोलले नव्हते. मला वाटायचं आता हे असंच राहणार.

फिजिओ_गंगापूररोड
असंच राहत नाही वहिनी. एमएचच्या स्त्रीरोग ओपीडीत सांगा, फिजिओकडे पाठवा म्हणा. तुमच्या वयात तर बहुतेक वेळा सुधारतं.

दूरदेशी
माझी मावसबहीण अमेरिकेत टेक्ससला आहे, तिचा नवरा तिथल्या आर्मीत. तिच्याकडून ऐकलेलं सांगते. तिकडे बऱ्याच यूनिट "जेन वेन डे" नावाचा एक दिवस ठेवतात, त्या दिवशी बायका नवऱ्याचं हेल्मेट-जॅकेट घालतात, अडथळ्यांची शर्यत करतात, रेंजवर नेमबाजी करून बघतात आणि पाकिटातलं फौजी जेवण जेवतात. तिला खूप आवडलं, नवरा रोज काय करतो ते अंगाला कळलं म्हणाली. पण तो एकच दिवस. रोजच्यासाठी बेसवरची जिम कुटुंबांना वापरता येते आणि बायका आपापले गट करून बाबागाडी ढकलत पळतात. सैनिकांच्या रोजच्या पीटीत त्या पण जात नाहीत. म्हणजे सुभेदार काकांनी सांगितलेलीच विभागणी तिकडे पण आहे.

भरती_२१
मी जेलरोडला राहते, पप्पा आर्मीत आहेत. काकू, हे फक्त बायकांसाठीच का? आम्ही मुली पण येऊ शकतो का? मी अग्निवीर मिलिटरी पोलीसची तयारी करतेय आणि मला धावायला जागाच नाही, रस्त्यावर पळाले तर मुलं गाडीवरून मागे येतात. ॲकॅडमीची फी घरी परवडत नाही.

तोफखाना_निवृत्त
बेटा, तुझ्यासाठी तर हे पहिलं व्हायला पाहिजे. मिलिटरी पोलीसच्या मुलींना १.६ किलोमीटर साडेसात मिनिटांत आलं तर पहिला ग्रुप, आठ मिनिटांपर्यंत दुसरा. लांब उडी १० फूट, उंच उडी ३ फूट. लांब उडीवर मुली अडकतात, कारण घरी उडी मारायला वाळूचा खड्डा नसतो. यूनिटच्या ग्राउंडवर खड्डा असतो. उस्तादाने दहा दिवस टेक-ऑफचं पाऊल बसवून दिलं की १० फूट निघतं. आठवड्यातून तीन दिवस धाव, एक दिवस छोट्या अंतराच्या जोरकस दौडी, बाकी विश्रांती, रोज मरेस्तोवर पळू नकोस, नडगी धरेल. गिरणाताई, अर्जात मुलींचा मुद्दा घालाच. २०२३ च्या एप्रिलमध्ये तोफखान्यात पहिल्या पाच महिला ऑफिसर आल्या. आमच्या वेळेला कोणी म्हटलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता. आता तोफखान्याच्याच देवळालीत आपल्या पोरींना धावायला जागा नसावी हे मला सहन होत नाही.

पहाटवारा
काकांनी विषय काढलाच आहे तर मी जड मनाने एक गोष्ट लिहिते. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याला शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन मुलांची आई, त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल केली गेली, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीत (ओटीए) त्यांनी ट्रेनिंग पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. मेजर कौस्तुभ राणेंच्या पत्नी कनिका राणे नोव्हेंबर २०२० मध्ये तशाच पास आऊट झाल्या. ओटीएचं ट्रेनिंग ४९ आठवड्यांचं असतं आणि समोर विशी-बाविशीच्या मुली असतात, सूट कोणी देत नाही. मी कोणाच्या वाईटाचा विचार करत नाही, देव सगळ्यांच्या नवऱ्यांना सुखरूप ठेवो. पण त्या दोघींनी दुःखातून उठून शून्यापासून पळायला सुरुवात केली तेव्हा त्यांना किती जड गेलं असेल याचा विचार मी धावताना नेहमी करते. आपलं शरीर आपल्या हातात असलेलं बरं, मग आयुष्यात काहीही समोर येवो.

ॲडमिन
धागा चांगला चाललाय. एक कडक विनंती. यूनिटचं नाव-नंबर, ब्लॉक, पीटीची नेमकी वेळ, ग्राउंडचे फोटो, सीओ कोण, नवरे कुठल्या सेक्टरला आहेत, यातलं काहीही इथे लिहू नका. दोन प्रतिसादांतला मजकूर काढला आहे.

ओझरकर
ॲडमिनना धरूनच. धावायला लागल्यावर सगळ्यांना फोनवर ॲप लावून अंतर मोजायची हौस येते. कॅन्टोन्मेंटच्या आत ते ॲप बंदच ठेवा. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा नावाच्या अशाच ॲपच्या नकाशावर जगभरातले फौजी तळ उजळून दिसले होते, कारण सैनिक त्यांच्याच भोवती पळत होते आणि ॲप रेघा काढत होतं. अंतर मोजायला उस्तादाला विचारा, त्याला ग्राउंडचा प्रत्येक मीटर माहीत असतो. आणि हो, गिरणाताईंचं उत्तर वाचल्यावर मी थोडी मऊ झालेय. हजेरी नाही आणि नवऱ्याला विचारणा नाही हे दोन्ही लेखी असेल तर माझा पाठिंबा धरा. आमच्याकडे पण मांडून बघते.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. काल रात्री ब्लॉकमधल्या पाच जणी माझ्या किचनमध्ये बसून अर्जाचा कच्चा मसुदा केला, हिंदीत. इथे मराठीत सांगते, कमी-जास्त सुचवा.

फॅमिली आणि मोठ्या मुलींसाठी वेगळी पीटीची वेळ, आठवड्यातून तीन दिवस. फॅमिलींसाठी मुलं शाळेत गेल्यावर, मुलींसाठी त्यांचं कॉलेज सुटल्यावर, म्हणजे गेम्स परेडच्या वेळेला ग्राउंडचा एक कोपरा. येणं ऐच्छिक, हजेरी नाही, नवऱ्याला विचारणा नाही. सुरू करण्याआधी एमएचमध्ये तपासणी. बाळंतपण झालेल्या आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणायची. पहिले दोन महिने चालणं-धावणं आलटून पालटून आणि हलकी ताकद, त्याच्या आधी फ्रंट रोल वगैरे काही नाही. गोलात उभं राहायचं. उस्तादाला मदतनीस म्हणून आमच्यातली एक, ती बदलत राहील. कपडे ज्याचे त्याला सोयीचे, सलवार चालेल, फक्त ओढणी घरी ठेवायची आणि पायात बूट. अर्ज वेल्फेअर मीटमध्ये सीओ मॅडमना द्यायचा आणि प्रत सुभेदार मेजर साहेबांना. आवाच्या, म्हणजे फौजींच्या बायकांच्या कल्याण संस्थेच्या, कामात कुटुंबांचं आरोग्य पूर्वीपासून आहेच, १९६६ पासूनची संस्था आहे, त्यामुळे तो धागा पण अर्जात जोडलाय.

आमच्या तमिळ वहिनींना हिंदी लिहिता येत नाही, त्यांनी सही तमिळमध्ये केली आणि खाली आणखी तिघींच्या घेऊन आल्या.

तोफखाना_निवृत्त
मसुदा चांगला आहे. एक दुरुस्ती. "तीन दिवस" मागू नका, "दोन दिवस, तीन महिन्यांसाठी" मागा. तीन महिन्यांनी कोणाचा पाय मोडलेला नसेल आणि बायका येत असतील तर तिसरा दिवस स्वतःहून मिळेल. देवळालीच्या रेंजवर मोठा फायरिंगचा कार्यक्रम असतो त्या दिवसांत उस्ताद आणि ग्राउंड दोन्ही मिळणार नाहीत, तेव्हा काय करणार तेही लिहा, म्हणजे साहेबांना दिसेल की विचार केलाय.

गिरणाकाठ
लिहिते काका. त्या दिवसांत मदतनीस बाई ब्लॉकच्या आतल्या रस्त्यावर चालण्याचा क्लास घेईल. दोन दिवस, तीन महिने असं करते.

फिजिओ_गंगापूररोड
मदतनीस होणार आहेत त्या दोघी-तिघींना माझ्याकडे एका रविवारी पाठवा, वॉर्मअप, गुडघ्याची काळजी आणि ओटीपोटाचे व्यायाम शिकवते. पैसे नकोत.

सटाण्याची_वहिनी
मी मदतनीस व्हायला तयार आहे. सासूबाईंना काल धागा वाचून दाखवला, डेंग्यूवाल्या वहिनींचं ऐकून म्हणाल्या धाकटीला मी बघते, तू जा. ताई अर्जात एक अजून घाला, ग्राउंडजवळचं बायकांचं बाथरूम बहुतेक वेळा कुलूपबंद असतं, त्याची चावी त्या तासाला मदतनीसकडे असावी. फिजिओताईंनी सांगितलेला त्रास असणाऱ्यांना त्याशिवाय येताच येणार नाही.

गिरणाकाठ
घातलं. नंबर एकला घातलं.